घरच्या बोलीचे ऋण : गोंडी भाषेच्या राखणदारांकडून घ्यावयाचा धडा

स्मरणिका म्हणजे संस्थेच्या आठवणींचे पुस्तक. तीत गुणवंतांची नावे येतात, इमारतीचा इतिहास येतो, दानशूरांविषयीची कृतज्ञता येते. आणि ते सर्व यथोचितच आहे. तथापि संस्थेने आपल्या चुकाही स्मरणात ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते. म्हणून या अभ्यासलेखाचा आरंभ आम्ही आमच्या एका चुकीपासून करीत आहोत.

काही वर्षांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यातील एक मुलगा इयत्ता पाचवीत आमच्या वसतिगृहात दाखल झाला. जूनपासून दिवाळीपर्यंत तो वर्गात बोलला नाही. प्रश्न विचारला की मान खाली घालून उभा राही. सत्राच्या अखेरीस आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला : ‘आकलन कमी. बोलत नाही.’ दिवाळीच्या सुटीत त्याचे वडील त्याला न्यायला आले. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बापलेक बसले आणि तो मुलगा तासभर अखंड बोलत राहिला. तो हसला, हातवारे केले, आमच्यापैकी कुणाची तरी हुबेहूब नक्कलही करून दाखविली. त्याच्या बोलण्यातील एक शब्दही आम्हांला कळला नाही. ती गोंडी भाषा होती. पाच महिने ज्याला आम्ही मुका समजत होतो, त्याच्यापुढे खरे तर आम्हीच बहिरे होतो, ही जाणीव त्या दिवशी झाली.

त्या जाणिवेतून आम्ही शिक्षकांनी जो अभ्यास केला, त्याचा सारांश माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

गोंडी : एक ओळख

गोंडी ही मराठीची बोली आहे, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. गोंडी ही द्राविड कुळातील स्वतंत्र भाषा असून तेलुगू, कन्नड, कोलामी, कुई या तिच्या बहिणी होत. अंक मोजून पाहिले तरी हे नाते उघड होते. गोंडीत दोनला ‘रंड’, तीनला ‘मूंड’, चारला ‘नालूंग’ म्हणतात. तेलुगूत हेच ‘रेंडु’, ‘मूडु’, ‘नालुगु’ असे येतात. पाण्याला गोंडीत ‘येर’, घराला ‘रोन’, गावाला ‘नार’ असे शब्द आहेत; प्रदेशपरत्वे उच्चार थोडे बदलतात. मराठी माध्यमाच्या वर्गात बसलेल्या गोंड मुलाला म्हणूनच केवळ उच्चारांचा फरक ओलांडावयाचा नसतो. एका भाषाकुळातून दुसऱ्या भाषाकुळात त्याला प्रवेश करावयाचा असतो, आणि तोही दहा वर्षांच्या वयात, आईबापांपासून शेकडो मैल दूर राहून.

२०११ च्या जनगणनेनुसार गोंडी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या २९ लाख ८४ हजारांहून अधिक आहे. परंतु देशातील गोंड समाजाची लोकसंख्या एक कोटीच्या वर आहे. याचा अर्थ असा की, गोंड म्हणविणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांतून गोंडी भाषा आधीच उठून गेली आहे. ही संख्या मोठी दिसते म्हणून निश्चिंत राहता येत नाही. भाषेचे आयुष्य बोलणाऱ्यांच्या एकूण संख्येवर जेवढे अवलंबून असते, त्याहून अधिक ते आजी आपल्या नातवाशी कोणत्या भाषेत बोलते यावर अवलंबून असते.

भाषा मागे का पडते?

भाषा आपोआप मरत नाही. तिच्या ऱ्हासामागे कारणपरंपरा असते. आणि कारणे शोधून दुःखाचे निवारण करणे हीच तर आपल्याला मिळालेली शिकवण आहे. गोंडीच्या बाबतीत आम्हांला चार कारणे ठळकपणे दिसली.

पहिले कारण राज्यांच्या सीमांचे. आज गोंडी बोलणारा समाज मध्य प्रदेश, महाराष्ट्र, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश, ओडिशा अशा राज्यांत विखुरलेला आहे. भाषावार प्रांतरचनेत ज्या भाषांना राज्य मिळाले, त्या फुलल्या. गोंडीला राज्य मिळाले नाही. ती प्रत्येक राज्यात अल्पसंख्य ठरली. एकच भाषा कुठे देवनागरीत, कुठे तेलुगू लिपीत लिहिली जाऊ लागली आणि एका बाजूचे लिखाण दुसऱ्या बाजूला वाचता येईनासे झाले.

दुसरे कारण राजमान्यतेचे. संविधान सभेत सप्टेंबर १९४९ मध्ये भाषांच्या अनुसूचीवर चर्चा चालू असता आदिवासींचे प्रतिनिधी जयपालसिंग मुंडा यांनी मुंडारी, गोंडी आणि उरांव या भाषांचा अंतर्भाव करावा, असा आग्रह धरला होता. तो मान्य झाला नाही. पुढे २००३ च्या घटनादुरुस्तीने संताळी आणि बोडो यांना आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. गोंडी मात्र आजही त्या २२ भाषांच्या बाहेर आहे.

तिसरे कारण शाळेचे, आणि ते आम्हांला सर्वांत अधिक बोचणारे आहे. संविधानाच्या अनुच्छेद २९ ने प्रत्येक समूहाला आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला. १९५६ मध्ये समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ३५०-अ ने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीविषयी राज्यांना निर्देश दिला. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे, असेच सांगतो. कायदा असा स्पष्ट असूनही वर्गातील शिक्षकाला मुलाची भाषा येत नाही. निवासी शाळेत तर मूल वर्षाचे दहा महिने घरच्या भाषेपासून तुटलेले असते. आपल्यासारख्या संस्था ज्या करुणेने मुलांना जवळ करतात, त्याच करुणेच्या पोटी नकळत हे तुटणे वाढते.

चौथे कारण लाजेचे. वर्गात एखादा शब्द घरच्या बोलीत निघाला की मुले हसतात. मूल तो शब्द गिळते. पुढे बाप होते तेव्हा आपल्या लेकराला तो शब्द शिकवीत नाही. हे दुःख आपल्या समाजाला नवे नाही. आमच्या आईवडिलांच्या पिढीने पुण्याच्या वर्गांतून ‘तुमची भाषा अशुद्ध आहे’ हे वाक्य पुष्कळदा ऐकले. शुद्ध-अशुद्धाचा भेद शरीराला लावणे जसे अन्यायाचे, तसेच ते जिभेला लावणेही अन्यायाचेच. त्याच वस्तीच्या भाषेतून दलित साहित्य उभे राहिले आणि मराठी साहित्याचा चेहरा बदलला, हा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे.

राखणदार

या चार कारणांपुढे हात टेकून न बसता गोंड समाजातील काही कर्त्या माणसांनी भाषेची राखण केली. त्यांच्या कामाचा परिचय आपल्या विद्यार्थ्यांना असावयास हवा.

बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी स्वतंत्र लिपी सिद्ध केली. पुढे तेलंगणातील आदिलाबाद भागात गुंजाळा या गावी वेगळ्याच एका गोंडी लिपीतील जुनी हस्तलिखिते उजेडात आली. गावातील जाणत्या वृद्धांना ती वाचता येत होती, म्हणूनच त्या लिपीचे ज्ञान पुढच्या पिढीकडे जाऊ शकले. २०१७ मध्ये मसराम लिपीला आणि २०१८ मध्ये गुंजाळा लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. संगणकावर व मोबाइलवर त्या लिहिण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) हे रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारे गृहस्थ. नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर गोंडी भाषा, तिचे व्याकरण, शब्दसंग्रह आणि ‘कोया पुनेम’ ही गोंडांची जीवनदृष्टी यांवर ग्रंथरचना केली. व्यंकटेश आत्राम यांनी ‘गोंडी संस्कृतीचे संदर्भ’ या ग्रंथातून मराठी वाचकांपुढे गोंड समाजाचा वारसा मांडला. उषाकिरण आत्राम यांनी कवितेतून गोंड स्त्रीचे मन बोलके केले. सुन्हेरसिंह ताराम यांनी ‘गोंडवाना दर्शन’ हे नियतकालिक दीर्घकाळ चालविले. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगड येथे माघ पौर्णिमेला भरणाऱ्या यात्रेत आज अनेक राज्यांतील गोंड बांधव एकत्र येतात. वर्षातून काही दिवस तेथे निरनिराळ्या राज्यांची गोंडी एकमेकींच्या कानी पडते.

यांच्याही आधीपासून राखण करीत आले ते परधान गायक. किंगरीसारख्या तंतुवाद्याच्या साथीने ते गोंडांच्या कुळकथा आणि देवकथा पिढ्यान्‌पिढ्या गात आले. ज्या समाजाचे ग्रंथ छापले गेले नाहीत, त्याचे ग्रंथालय अशा माणसांच्या कंठात असते. असा एक वृद्ध गायक शिष्य न मिळता निघून गेला, तर ते ग्रंथालय जळून गेले असेच समजावे.

भाषेचे तुकडे जोडण्याचा एक सामुदायिक प्रयत्नही झाला. निरनिराळ्या राज्यांतील गोंडी भाषक अनेक कार्यशाळांतून एकत्र बसले. एकाच वस्तूला आपापल्या भागात कोणते शब्द आहेत ते त्यांनी मांडले. आणि २०१८ मध्ये प्रमाण गोंडी शब्दकोश प्रकाशित झाला. कोणाचा शब्द प्रमाण मानावा, हा वादाचा विषय. तरीही समोरासमोर बसून तो सोडविता येतो, हे या कार्यशाळांनी दाखवून दिले.

मोहगावचे गोटूल

या साऱ्या प्रयत्नांत आम्हांला सर्वांत विचारप्रवर्तक वाटला तो गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मोहगावचा. गोटूल ही गोंड समाजाची जुनी संस्था. तरुण मुलेमुली तेथे नृत्य, गीत, श्रम, शिस्त आणि गावाचे रीतिरिवाज शिकत. बाहेरच्यांनी तिच्याविषयी पुष्कळ विपर्यस्त लिहिले. मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये याच संस्थेच्या नावाने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली : ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल’. मुलांना गोंडीतून शिकवावे आणि त्या पायावर मराठी व इंग्रजी उभी करावी, असा हा विचार.

पुढे मान्यता नसल्याच्या कारणावरून शाळा बंद करण्याची नोटीस शिक्षण विभागाकडून आली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. कायद्याची बाजू न्यायालयाने पाहावयाची. त्यावर आम्ही भाष्य करीत नाही. परंतु एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या कायद्यात मातृभाषेतून शिकविण्याची अपेक्षा आहे, त्याच कायद्यातील मान्यतेच्या अटींवर मातृभाषेची शाळा अडते. तेथे नियमाचे शब्द आणि नियमाचा हेतू यांत अंतर पडले आहे. हे अंतर मिटविण्यासाठी निबिड जंगलातील एका लहान गावाची ग्रामसभा उभी राहते, ही गोष्ट आम्हां शहरी शिक्षकांना नम्र करणारी आहे.

जगात असे प्रयत्न इतरत्रही झाले. प्रशांत महासागरातील गुआम बेटावर अमेरिकी नौदलाच्या राजवटीत शाळेत चामोरू भाषा बोलण्यास मनाई होती; १९७४ मध्ये तीच भाषा इंग्रजीबरोबर बेटाची अधिकृत भाषा झाली, आणि आजही तेथील समाजधुरीण ती मुलांच्या तोंडी यावी म्हणून झटत आहेत. न्यूझीलंडमध्ये १९८२ पासून माओरी आजी-आजोबांनी बालवाड्यांत बसून नातवंडांशी केवळ माओरीत बोलण्याचा क्रम आरंभिला. १९८७ मध्ये माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे आदिवासी भाषांचे दशक म्हणून जाहीर केले आहे. तरीही भाषा ठरावांनी जगत नाही. आजी-आजोबा आणि नातवंडे एकाच चटईवर बसली, तर ती जगते.

तथागतांची भाषादृष्टी

बौद्ध संस्थेने या प्रश्नात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आम्हांला त्रिपिटकातच मिळाले.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले, उत्तम वाणीचे दोन भिक्खू बंधू तथागतांकडे येतात आणि तक्रार करतात : नाना कुळांतून, नाना गोत्रांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगतात आणि ते बिघडवितात, तरी ते छंदोबद्ध भाषेत बांधून ठेवावे. तथागतांनी ही सूचना नाकारली, तिचा निषेध केला आणि ‘सकाय निरुत्तिया’ धम्म शिकण्याची अनुज्ञा दिली. बुद्धघोषाचार्यांनी या शब्दांचा अर्थ तथागतांची स्वतःची मागधी असा लावला. अनेक आधुनिक अभ्यासक तो शिकणाऱ्याची स्वतःची बोली असा लावतात. अर्थाविषयी मतभेद असला तरी, ‘त्यांच्या बोलीने धम्म बिघडतो’ ही उच्चभ्रू तक्रार तथागतांनी मान्य केली नाही, याविषयी मतभेद नाही.

मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात हाच विचार आणखी व्यवहारी रूपात येतो. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत ‘पाति’, ‘पत्त’, ‘पोण’, ‘पिसील’ अशी वेगवेगळी नावे आहेत. ‘हेच नाव खरे, बाकीची खोटी’ असा हट्ट कलहाला कारण होतो. म्हणून ज्या जनपदात जावे, तेथील शब्द वापरावा. हे सुत्त वाचताना आम्हांला आमच्या भोजनगृहातील ताटवाट्या आठवल्या. त्यांना आमच्या मुलांच्या घरी किती नावे असतील, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

आपल्या पुण्याच्या परिसरात कार्ल्याचे चैत्यगृह आहे. तेथील लेख त्या काळच्या लोकभाषेत, प्राकृतात कोरलेले आहेत. त्यांत धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्याच्या व्यापाऱ्याचे, दान नोंदलेले आहे. साध्या माणसाचे नाव त्याच्या काळच्या भाषेत पाषाणावर राहिले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले.

आणि पाली? भारतात तिचे अध्ययन लोपले होते. आचार्य धर्मानंद कोसंबींना ती शिकण्यासाठी श्रीलंकेला जावे लागले. पुढे १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकविली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अखंड व्यापांतून वेळ काढून पालीचा शब्दकोश रचण्याचे काम केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पाली परत आणता आली, कारण श्रीलंका, म्यानमार, थायलंड येथील भिक्खुसंघाने ती आपापल्या लिपींत जपून ठेवली होती. गोंडीला असे दुसरे घर नाही. ती येथून गेली, तर कोणत्या देशातून परत आणणार?

एक रास्त शंका

पालक सभेत हा विषय निघाला तेव्हा एका मातेने विचारले, “सर, आम्ही पोटाला चिमटा घेऊन मुलाला पुण्यात ठेवलं ते इंग्रजी शिकायला. गावची भाषा शिकवायची होती तर गावात काय वाईट होतं?”

ही शंका रास्त आहे आणि तिला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंग्रजीवाचून उच्च शिक्षणाची पुष्कळ दारे आजही बंद आहेत. बाबासाहेबांनी जगाशी वाद घातला तो इंग्रजीतून; पण आपल्या माणसांशी बोलण्यासाठी १९२० मध्ये ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढले ते मराठीतून. एक भाषा घेण्यासाठी दुसरी टाकावी लागली नाही. मुलाला ठाऊक असलेल्या शब्दावर नवा शब्द बसविला तर तो पक्का बसतो, हा आमचा वर्गातील अनुभव आहे. घरची भाषा पुसून इंग्रजी लवकर येत नाही; मुलाचा आत्मविश्वास मात्र लवकर जातो. आम्ही त्या मातेला हेच सांगितले. तिचे पूर्ण समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही, परंतु जाताना ती म्हणाली, “फोनवर मी त्याच्याशी मुद्दाम मराठीतच बोलत होते. आता आपल्या भाषेत बोलीन.” आमच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

आता काय करावे?

आम्ही आरंभ केलेल्या काही गोष्टी येथे नोंदवितो. प्रवेश अर्जात ‘घरी बोलली जाणारी भाषा’ हा रकाना घातला आहे. प्रत्येक मुलाच्या घरच्या भाषेतील निदान वीस वाक्ये वर्गशिक्षकाने शिकावीत, असे ठरविले आहे. शिकविणारा अर्थातच तो विद्यार्थी. शनिवारी सायंकाळी, वंदनेनंतर, एक मूल आपल्या बोलीत गोष्ट सांगते आणि मग तिचा मराठी अर्थ सांगते. सुटीला जाताना प्रत्येकाजवळ एक कोरी वही देतो. आजीआजोबांकडून झाडे, पाखरे, धान्ये, नाती आणि सण यांचे शब्द लिहून आणावयाचे.

पुण्यात या कामाला साहाय्यभूत साधने आहेत. १९६२ मध्ये स्थापन झालेली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि तिचे संग्रहालय येथे आहे. भोर येथे जन्मलेले गणेश देवी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली पुण्यातूनच प्रसिद्ध झाला. माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या ग्रंथालयासाठी असे ग्रंथ मिळवून द्यावेत, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी मुलांच्या आजीआजोबांचे आवाज ध्वनिमुद्रित करण्याच्या कामात हात द्यावा, ही विनंती.

प्रत्येक वाचकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझ्या आजीचा असा कोणता शब्द आहे, जो मी वापरीत नाही? तो मी का टाकला : निरुपयोगी झाला म्हणून, की लाज वाटली म्हणून? आणि तो मी कोणाला देणार आहे?

ज्या मुलापासून या लेखाचा आरंभ झाला, त्याच्या वहीत पहिल्या सुटीनंतर एकशे बारा शब्द होते. शनिवारच्या सभेत त्याने मोहाची फुले वेचण्याची गोष्ट गोंडीत सांगितली. प्रगतिपुस्तकातील तो शेरा आम्ही खोडला आणि त्याखाली सही केली. खोडलेली ओळ मात्र वाचता येईल अशीच ठेवली आहे. ती त्याच्यासाठी नाही, आमच्यासाठी आहे.

जय भीम. सेवा जोहार.